मातेच्या छातीवरचा खंजीर

१

किंकाळी ऐकू आली तेव्हा कासिल्दा आणि तिची धाकटी बहीण लुर्देस जिन्याच्या शेवटच्या वळणावर होत्या. चपलांत वाळू, काखेत ओले टॉवेल, आणि लुर्देसच्या तोंडी अजून समुद्राचा उद्धार चाललेला. "एवढं ऊन पडलंय आणि पाणी बघ! बर्फाच्या लादीवर झोपल्यासारखं वाटलं गं ताई. असल्या समुद्रापेक्षा आपल्या बुर्गोसची नदी परवडली. निदान ती गार आहे हे सगळ्यांना ठाऊक तरी असतं."

किंकाळी वरून, त्या दोघी उतरल्या होत्या त्या आरासेलीबाईंच्या घरातून आली होती. कासिल्दाने टॉवेल तिथेच टाकला आणि उरलेल्या पायऱ्या चढून गेली. पोलिसात इन्स्पेक्टर म्हणून जन्म काढलेल्या बाईचे गुडघे निवृत्तीनंतर कुरकुरायला शिकले होते, पण किंकाळी ऐकून थांबायला शिकले नव्हते.

शिवणाच्या खोलीच्या दारात आरासेलीबाई उभ्या होत्या. पंच्याहत्तरी ओलांडलेली, पण पाठ अजून ताठ. बाजाराची पिशवी हातातून सुटली होती आणि टोमॅटो फरशीभर गडगडले होते.

"गेला," त्या म्हणाल्या. "मातेचा खंजीर गेला."

खोलीत अंधार होता. खिडकी लावलेली आणि बाहेरची पट्ट्यांची झडप खालपर्यंत ओढलेली. कासिल्दाने दिवा लावला. टेबलावर मातेचा काळा मखमली पोशाख पसरलेला, शेजारी लेसचा पांढरा रुमाल आणि पिळून टाकलेलं अर्धं लिंबू. पलीकडे चांदीचं तबक. तबकात मोत्यांची जपमाळ जागच्या जागी होती, माणकाची अंगठीही होती. खंजिराची मखमली गादी तेवढी रिकामी.

खंजीर कसला, बोटभर लांबीचा दागिना तो. सोन्याचा, मुठीत निळा खडा. पेठेतल्या चर्चमध्ये शोकाकुल मारिया मातेची मूर्ती आहे. मुलाच्या मरणाने तिच्या काळजात जे घुसलं, त्याची खूण म्हणून तो तिच्या छातीवर खोवायचा. एरवी तो मातेचा उत्सव करणाऱ्या मंडळाच्या तिजोरीत असे, आणि तिजोरीची एकुलती किल्ली कारभाऱ्याकडे. उद्या, रविवारी, मातेचा हात चुंबायला सगळी पेठ रांग लावणार होती, म्हणून मंडळाचे कारभारी लेआंद्रो काब्रेरा शुक्रवारी संध्याकाळी तो स्वतः आणून देऊन गेले होते. मातेला नेसवण्या-सजवण्याचा मान आरासेलीबाईंच्या घराण्याचा. बाकी वर्षभर त्या घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देत आणि त्यावर घर चालवत. समुद्रकाठच्या मालागा शहरात पाहुण्यांना तोटा नव्हता.

निरोप मिळताच काब्रेरा धापा टाकत आले. पांढरा लिननचा सूट, मागे वळवलेले रुपेरी केस. रिकामी गादी बघून त्यांनी कपाळाला रुमाल लावला.

"किती वेळा सांगितलं तुला, आरासेली! दाराची किल्ली जिरेनियमच्या कुंडीखाली ठेवतेस, सगळ्या पेठेला माहीत. घरात परक्यांचा राबता. आणि परकेच कशाला?" त्यांनी आवाज खाली आणला. "तो कुठाय?"

"कोण?"

"तुला चांगलं माहितीये कोण."

आरासेलीबाई आडव्या आल्या, पण काब्रेरांनी त्यांना बाजूला सारलं आणि बोळाच्या टोकाचं दार मुठीने बडवायला सुरुवात केली.

२

दार उघडलं तशी आतून भट्टीसारखी झळ बाहेर आली. उंबऱ्यात एक तरुण डोळे चोळत उभा होता. अंगात सदरा नाही, केस घामाने कपाळाला चिकटलेले. त्याच्या मागे खिडकी सताड उघडी होती, पडदा फडफडत होता आणि गाण्याचे कागद खोलीभर उडत होते.

"काय झालं, आत्या? आग लागली का?"

हा फेर्मीन, आरासेलीबाईंचा भाचा. रात्रभर बंदराजवळच्या एका बारमध्ये गिटार वाजवायचा आणि उजाडता उजाडता येऊन झोपायचा. एकोणिसाव्या वर्षी त्याने कुणाची तरी मोटरसायकल पळवली होती आणि त्याची शिक्षाही भोगली होती. पेठ एवढं एकच लक्षात ठेवून होती.

काब्रेरांनी पोलिसांना बोलावलं. उपनिरीक्षक नावास हा सभ्य, जरा गोंधळलेला माणूस होता. घराचं कुलूप फुटलेलं नाही, घरात जुना गुन्हेगार एकटाच, आणि मंडळाच्या कारभाऱ्यांची लेखी तक्रार. तो तरी काय करणार? फेर्मीनला त्याने सदरा घालायला लावला आणि घेऊन गेला.

जाताना पोरगा एवढंच म्हणाला, "आत्या, तू तरी म्हणशील ना की मी नाही घेतला?"

त्या "हो, हो" म्हणाल्या खऱ्या, पण दार लागल्यावर मटकन खाली बसल्या.

"मी चौकीवर जाते. सांगते की मीच हरवला. बाजारात नेला होता, पडला कुठेतरी."

"खोटं सांगितलंत तर मातेचा मान तुमच्या घरातून जाईल," कासिल्दा म्हणाली. "आणि ज्याने घेतला तो बसेल हसत."

"जाऊ दे मान. त्याची आई गेली तेव्हा ह्या पोराला मी पदरात घेतलं. मान काय, माझ्यानंतर दुसरी कुणी नेसवेल मातेला. ह्याला कोण आहे?"

कासिल्दाने बहिणीकडे बघितलं. लुर्देसचा नवरा गेल्या हिवाळ्यात गेला होता. तेव्हापासून ती घराबाहेर पडली नव्हती, आणि ही दोन दिवसांची सहल कासिल्दाने जवळजवळ भांडून ठरवली होती. लुर्देसची एकच अट होती: पोलिसगिरी बुर्गोसला ठेवून यायची.

"तू शपथ घेतली होतीस, ताई."

"हो."

"मी काय मागितलं होतं तुझ्याकडे? किनाऱ्यावर बसून भाजलेले सार्डिन मासे खायचे, संध्याकाळी गर्दीत हिंडायचं आणि कुणाचीही चौकशी करायची नाही."

"तेच म्हणाली होतीस."

लुर्देसने नाक पुसलं. "मग बघत काय उभी राहिलीस? म्हातारी रडतेय तिथे. उद्या संध्याकाळची आपली गाडी आहे. त्याच्या आत आटप, आणि सार्डिन मला खायचेच आहेत, हे लक्षात ठेव."

३

दुसऱ्या खोलीत माद्रिदचं एक जोडपं उतरलं होतं. लग्नाचा वाढदिवस साजरा करायला आलेले गोंसालो आणि इनेस. कासिल्दाने दोघांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं.

इनेस सकाळपासून संग्रहालयात होती. "एकटीच," ती टोचून म्हणाली. "साहेबांना चित्रं आवडत नाहीत."

"मी समुद्रावर होतो," गोंसालो म्हणाला. "सकाळभर पोहलो."

"वा! पाणी कसं होतं?"

"काय सांगू! कोमट. नुसतं सूप. बाहेर यावंसं वाटेना."

लुर्देसला ठसका लागला. कासिल्दाने चेहरा हलू दिला नाही. इनेस आत जाईपर्यंत ती थांबली, मग गोंसालोला बोळात गाठलं.

"पोहायची चड्डी दाखवा."

"काय?"

"सकाळभर पोहलात, म्हणजे अजून ओलीच असणार. दाखवा. आणि तुम्ही पोहलात त्या सुपातून आम्ही दोघी कुडकुडत बाहेर आलो. ओठ निळे पडले होते माझ्या बहिणीचे."

गोंसालोचा चेहरा उतरला. त्याने आधी बायकोच्या दाराकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या आपल्या बॅगेकडे. "मी कोपऱ्यावरच्या कॅफेत होतो. लॅपटॉप घेऊन. ऑफिसचं काम होतं हो, सोमवारी द्यायचंय! इनेसला वचन दिलं होतं की ह्या सहलीत कामाला हात लावणार नाही. वेटरला विचारा, जागचा हललो नाही. त्याने दोनदा माझ्याकडे डोळे वटारून बघितलं."

कासिल्दाने खाली जाऊन वेटरला विचारलं. ते खरं निघालं. वेटरला तो चांगलाच आठवत होता, कारण एवढ्या वेळात त्याने एकच कॉफी घेतली होती.

"बायकोला सांगू नका," परत आल्यावर गोंसालो गयावया करत म्हणाला.

"मी नाही सांगणार. तुम्ही सांगा. वचन मोडणारी माणसं मला आज जरा जवळची वाटायला लागलीत, म्हणून फुकटचा सल्ला देते."

तेवढ्यात आरासेलीबाई जोडप्याच्या खोलीत डोकावल्या आणि दुःखातसुद्धा कडाडल्या. "अरे देवा! खिडकी उघडी? आख्खी दुपार? तेराल सुटलाय ना बाहेर!"

"खोली थंड राहावी म्हणून..." गोंसालो चाचरला.

"थंड! माद्रिदची शहाणी माणसं! तेराल डोंगराकडून येतो बाबा. घराची भट्टी करतो आणि समुद्राचं बर्फ. तो सुटला की खिडक्या बंद, झडपा खाली! इथलं शेंबडं पोरसुद्धा झोपेतून उठून झडप ओढतं." त्यांनी स्वतःच फटकन खिडकी लावली. शुक्रवारी पोचल्या पोचल्या कासिल्दालाही त्यांच्याकडून अगदी हीच बोलणी खावी लागली होती. तिनेही गारव्यासाठी खिडकी उघडली होती.

कासिल्दा बोळाच्या मध्यावर थबकली. मग वळून थेट शिवणाच्या खोलीत गेली, आणि बंद खिडकीसमोर उभी राहिली.

४

"बाई, ही झडप कुणी ओढली?"

आरासेलीबाईंना प्रश्नच कळला नाही. "कुणी म्हणजे? तेराल सुटला की ओढायचीच."

"तुम्ही बाजारात निघालात तेव्हा तेराल होता?"

"नाही. पहाटे पडला होता. समुद्राकडून छान वारा येत होता, म्हणून तर मी उघडी ठेवून गेले. रुमाल वाळायचा होता. बाजारात होते तेव्हा वारा फिरला. सगळ्या बायका म्हणाल्यासुद्धा, आला बाई पुन्हा मेला."

"मग परत आल्यावर तुम्ही ओढलीत?"

"छे! मी दारातून पुढे पाऊल टाकलं नाही. बोळातल्या उजेडात तबक बघितलं आणि..." त्या थांबल्या. "खोलीत अंधार होता. तुम्ही दिवा लावलात."

"म्हणजे मधल्या वेळात जो आत आला, त्याने ओढली. का? कुणी बघू नये म्हणून म्हणावं तर समोर आंधळी भिंत आहे, एकही खिडकी नाही. चोराला घाई असते, खिडकी लावायला तो थांबत नाही. ह्याने डोक्याने नाही लावली, हाताने लावली. गरम वारा तोंडावर आला आणि हात आपोआप झडपेकडे गेला. जन्मभराची सवय."

"म्हणजे?"

"म्हणजे माद्रिदच्या जोडप्याचं नाव सोडा. आम्ही परगावचे सगळे गाढवासारखे खिडक्या उघडतो. खंजीर नेणारा इथे जन्मलेला, इथे वाढलेला आहे."

हे बोलताना तिच्या आवाजात धागा सापडल्याचा आनंद होता. तो फार टिकला नाही. आरासेलीबाईंचा चेहरा पांढरा पडला होता.

"इथेच जन्मलेला," त्या हळूच म्हणाल्या. "ह्याच घरात जन्मला फेर्मीन. चालायला लागला तेव्हा झडप कशी ओढायची ते मीच शिकवलं त्याला."

पोराभोवतीचा फास सोडवायला कासिल्दा गेली होती, आणि तो तिनेच आवळला होता.

५

रविवारी सकाळी खालच्या बारमध्ये दोघी बहिणी कॉफी घेत बसल्या. गल्लीत चर्चकडे फुलं नेणाऱ्यांची वर्दळ सुरू झाली होती. कासिल्दा टोस्टवर टोमॅटो नुसताच पसरत होती, खात नव्हती.

"काल मी त्या पोराची खोली आवरली," लुर्देस म्हणाली. "म्हातारीला तिथे पाय ठेववेना. गाण्याचे कागद कपाटाखालून काढले बघ मी. आणि पलंगावरची चादर! पिळली असती तर बादली भरली असती. एवढ्या भट्टीत खिडकी उघडी टाकून माणूस झोपतो कसा, देव जाणे."

कासिल्दाचा हात थांबला.

"पुन्हा म्हण."

"काय? चादर?"

"खिडकी. आपण आलो तेव्हाही उघडी होती. माझ्या डोळ्यांदेखत पडदा फडफडत होता." ती उठलीच. "लुर्देस, दुसऱ्याच्या खोलीतली झडप ज्याच्या हाताने आपोआप ओढली, तो स्वतःच्या खोलीची उघडी ठेवून घामाने निथळत पडेल? पोरगा पहाटे आला, समुद्राचा वारा होता म्हणून खिडकी उघडून झोपला. वारा फिरला तेव्हा तो झोपलेलाच होता. जागा असता तर आधी आपली खिडकी लावली असती!"

"मग कोण?"

"इथलाच, पण तो नव्हे. शिवाय किल्ली कुंडीखाली. म्हणजे सगळी पेठ आली." ती पुन्हा बसली. "पण पेठेतल्या कुणी जपमाळ आणि अंगठी का सोडली? दोन्ही हाताशी होती. चोर तबकच उचलतो. ह्याला चोरी करायचीच नव्हती. ह्याला फक्त तो खंजीर नको होता तिथे."

"नको होता? सोन्याचा खंजीर कुणाला नको होईल?"

कॉफी तशीच ठेवून कासिल्दा वर गेली.

आरासेलीबाई मातेच्या रुमालाला इस्त्री करत होत्या. हात चालू होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लेसच्या मधोमध एक फिकट डाग होता.

"हा कसला?"

"टाचणी गंजली असेल मेली. शुक्रवारी रात्री रुमाल व्हिनेगरच्या पाण्यातून काढला, आमच्या घरची पद्धत आहे ती, आणि ओला होता तोवर खंजीर त्यावर लावून बघितला, कसा दिसतो म्हणून. तसाच राहिला रात्रभर. सकाळी उठून बघते तर डाग. काल बाजाराला निघेपर्यंत लिंबू घासलं, जातोय कुठे?"

कासिल्दाने रुमाल उजेडात धरला. डाग बोटभर लांब होता, टोकाशी निमुळता. टाचणीचा आकार नव्हता तो. खंजिराचा होता.

"बाई, लोखंडाचा गंज कसला असतो?"

"तांबडा."

"आणि हा?"

आरासेलीबाईंनी चष्मा चढवला. रुमाल डोळ्यांजवळ नेला. "हिरवा," त्या शेवटी म्हणाल्या. "जुन्या पितळी भांड्यात आंबट ठेवलं की कळकतं, तसा."

"सोनं कळकत नाही."

इस्त्रीखाली अंथरलेली चादर जळायला लागली तेव्हा लुर्देसने धावत येऊन इस्त्री उचलली. आरासेलीबाई तशाच उभ्या होत्या.

"आता नीट आठवून सांगा," कासिल्दा म्हणाली. "शुक्रवारी काब्रेरा खंजीर घेऊन आले तेव्हा त्यांच्याशी काय बोललात?"

"काही नाही. मीच म्हणाले, खडा गेल्या वर्षीच हलत होता. म्हणून मी कोर्दोबाच्या सोनाराला फोन केलाय, रविवारी सकाळी सोहळ्याआधी येऊन बघून जाणार आहे."

"आणि ते काय म्हणाले?"

"पाणी मागितलं," आरासेलीबाई म्हणाल्या. "गटागटा प्यायला आणि गेला."

६

चर्चच्या मागच्या खोलीत माता तयार उभी होती. काळी मखमल, हातात तोच रुमाल, छातीवर मात्र खंजीर नाही. बाहेर रांग लागली होती आणि तिचा गलका दाराआडून ऐकू येत होता. काब्रेरा काळ्या सुटात फुलांच्या परड्या कुठे ठेवायच्या ते सांगत होते. एका खुर्चीवर कोर्दोबाचा सोनार बसला होता, आणि दाराशी नावास. त्याला कासिल्दाने फोन करून बोलावलं होतं.

"हे काय चाललंय?" काब्रेरांनी विचारलं. "बाई, तुम्ही पाहुण्या आहात. मालागा बघा, मासे खा, मजा करा."

"करणार आहे. संध्याकाळी गाडी आहे, म्हणून जरा घाईत बोलते." कासिल्दाने मातेच्या हातातला रुमाल आरासेलीबाईंच्या परवानगीने उचलला आणि सोनारापुढे धरला. "हा डाग कशाचा?"

सोनाराने भिंग लावलं, नखाने डाग खरवडला, वास घेतला. "पितळ. वर सोन्याचा मुलामा असणार, पण अगदी पातळ. घाईत केलेलं काम."

"हा डाग त्या खंजिराचा आहे. शुक्रवारी रात्री तो ह्या रुमालावर होता. म्हणजे शनिवारी जो नाहीसा झाला तो सोन्याचा नव्हताच."

मग काब्रेरांचा आवाज चढला. "म्हणजे आरासेलीनेच बदलला! खरा विकला आणि खोटा ठेवला. ऐका, नावास, ऐका!"

"त्यांनी बदलला असता," कासिल्दा शांतपणे म्हणाली, "तर त्यांनीच सोनाराला फोन करून बोलावलं असतं?"

नावासने मान वर केली.

"खोटा खंजीर ओळखला जाईल ही भीती एकाच माणसाला होती. खोटा आहे हे ज्याला ठाऊक होतं त्याला. तिजोरीची किल्ली एकच, ती तुमच्याकडे. सोनार येणार हे तुम्हाला शुक्रवारी संध्याकाळी कळलं. कुंडीखालची किल्लीही तुम्हाला ठाऊक, काल तुम्हीच बोलून दाखवलंत. बाई शनिवारी बाजारात जातात हे सगळ्या पेठेला माहीत. तुम्ही आलात, तोवर वारा फिरला होता. तुमच्या हाताने झडप ओढली. तुम्हाला ते आठवतही नसेल."

"कल्पना! सगळ्या कल्पना!"

"मुलामा देणारे कारागीर ह्या गावात असून असून किती असतील? उद्या सकाळी हे साहेब एकेकाकडे तुमचा फोटो घेऊन जातील. मी थांबू शकत नाही, पण ते जातील."

"जाईन," नावास म्हणाला.

काब्रेरांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. तेव्हा आरासेलीबाई पुढे आल्या. दोघं एकाच गल्लीत लहानाची मोठी झाली होती.

"लेआंद्रो," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे बघ. मातेकडे नको, माझ्याकडे."

त्यांनी बघितलं, आणि मग खुर्ची शोधली.

"पिलूचं लग्न होतं जूनमध्ये," ते म्हणाले. आवाज ओळखू येईना. "माझी एकुलती एक. वाटलं, एका दिवसासाठी मातेचा खंजीर तिच्या छातीवर असावा. कुणाला कळणार नाही, रात्री परत तिजोरीत. किनाऱ्यावर मांडव होता. पोरं नाचली, पाण्यात शिरली, हसली, खिदळली. रात्री बघतो तर खंजीर नाही. तीन दिवस वाळू चाळली मी, आरासेली. ह्या हातांनी. मग दुसरा करून घेतला."

"आणि तो?"

"काल धक्क्यावरून समुद्रात टाकला."

"हरवलास ते मी समजू शकते," आरासेलीबाई म्हणाल्या. "माझ्याही हातून काय काय हरवलंय. पण माझ्या पोराचं दार बडवलंस तू. तो झोपलेला होता, आणि तू त्याचं दार बडवलंस."



७

नावास चौकीवर फोन लावायला बाहेर गेला. बाहेर घंटा वाजली. रांगेतून कुणीतरी ओरडलं, "उघडा की आता! उन्हात म्हातारी माणसं आहेत!"

काब्रेरा उठले. "माझं जे व्हायचं ते होऊ दे. तक्रार मागे घेतो, चौकीवर सही करतो. पण आज, आरासेली, आज पेठेला सांगू या की खंजीर दुरुस्तीला दिलाय. मंडळाची अब्रू आहे."

"नाही."

"मग तू सांग. काय सांगायचं ते तू सांग. मी घरी जातो."

"तूही कुठे जात नाहीस." आरासेलीबाईंनी कपाटातून एक स्वच्छ पांढरा कपडा काढला, घडी घातली आणि त्यांच्या हातात ठेवला. दरवर्षी मातेशेजारी मंडळाचा एक माणूस उभा राहतो. प्रत्येकाने हाताचं चुंबन घेतलं की तो हात पुसतो. "आज तू पुसशील. प्रत्येक जण विचारणार, खंजीर कुठाय म्हणून. प्रत्येकाला तू सांगशील. मी नाही, नावास नाही. तू."

"सगळ्यांना? आरासेली, रांग पार पुलापर्यंत गेलीये."

"मला दिसतेय."

लुर्देसने बहिणीचा हात घट्ट धरला. दोघी दाराशी सरकून उभ्या राहिल्या. दरवाजे उघडले तसं ऊन आत आलं, आणि उन्हासोबत माणसं: कडेवर पोरं घेतलेल्या बाया, काठ्या टेकत आलेले म्हातारे, नुकतीच दुकानं बंद करून आलेले लोक. मागच्या दाराने चौकीतून सुटलेला फेर्मीनही आला. कालचाच चुरगळलेला सदरा. आत्याच्या शेजारी तो उभा राहिला आणि तिने त्याच्याकडे न बघता त्याच्या बाहीची घडी सरळ केली.

रांगेत पहिली होती मासळी बाजारातली पुरा. तिचा पहिला नंबर कुणी घेत नसे. घ्यायची कुणाची छाती नव्हती. तिने क्रूसाची खूण केली, वाकून मातेच्या हाताचं चुंबन घेतलं, मान वर केली आणि तशीच राहिली.

"लेआंद्रो," ती म्हणाली. तिचा आवाज चर्चच्या शेवटच्या बाकापर्यंत जायचा. "मातेच्या छातीवरचा खंजीर कुठाय?"

काब्रेरांनी मातेचा हात पुसला. पुन्हा पुसला. मागची कुजबुज थांबली आणि सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"मी हरवला," ते म्हणाले. "आणि आळ फेर्मीनवर घातला."

पुराने त्यांच्याकडे बघितलं, मग फेर्मीनकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. ती पुढे सरकली. तिच्या मागची बाई हात चुंबायला वाकली, आणि वर होताना तिनेही तोच प्रश्न विचारला.